तीनाचे चार

बिस्किटांच्या डब्यातून सत्तेचाळीस नंबर निघाला आणि खासदार ब्रायस टॅप्लिन खुर्चीतून असा उसळला, की शेजारणीचा चहा तिच्याच मांडीवर सांडला. त्याने तिची माफी मागितली, तिच्या गालाचा मुका घेतला आणि त्याबद्दल पुन्हा माफी मागितली. वेलिंग्टनच्या संसदेत साध्या खासदाराला स्वतःचं विधेयक मांडायचं, तर त्याचा नंबर त्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून निघावा लागतो. ब्रायसचं विधेयक नऊ वर्षं नशिबाची वाट बघत होतं.

विधेयक एका ओळीचं होतं. संसदेची मुदत तीन वर्षांची आहे, ती चार करावी. देशाला स्थैर्य मिळेल, खर्च वाचेल, असं तो सगळ्यांना सांगायचा आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण होती त्याची बायको, नायरी.

दर निवडणुकीला सहा आठवडे नायरी स्वतःची राहत नसे. लोकर कातरायच्या शेडमधून प्रचाराच्या फळ्या काढायच्या, रंगवायच्या, कुंपणाकुंपणावर ठोकायच्या. पहाटे उठून टॉवेलात गुंडाळून गरम चीज रोल घ्यायचे आणि नवऱ्याला शेजारी बसवून दिवसभर खडखडती गाडी हाकायची. मग निकाल लागला, फळ्या उतरल्या, की बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गप्प बसून राहायच्या. आठवडाभर तोंडातून शब्द नाही. ब्रायसने हे पाच वेळा पाहिलं होतं. थकली बिचारी, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

त्या दुपारी तो विमानाने इन्व्हरकार्गिलला उतरला. शेजारच्या प्रवाशाला त्याने बातमी सांगितली, पेट्रोल भरणाऱ्याला सांगितली, रस्ता अडवून बसलेल्या दोन गाईंनाही काच खाली करून सांगितली. टुआटापेरेला घरी पोचला तेव्हा ऊन अजून शेडच्या पत्र्यावर होतं. आत नायरी गुडघ्यांवर बसून फळीवर निळा रंग चढवत होती. निवडणूक अजून सात महिने लांब होती. त्याने तिला ब्रशसकट उचललं आणि दोन गिरक्या घेतल्या. रंग तिच्या नाकाला लागला, त्याच्या टायला लागला, एका मेंढीलाही लागला.

"तीनाचे चार होणार," तो धापा टाकत म्हणाला. "दर खेपेला तुला वर्षभर जास्त सुटका."

नायरी खाली उतरली. ब्रश डब्यात ठेवला.

"सुटका मागितली कुणी होती?"

ब्रायस हसत होता. हसू तसंच तोंडावर राहिलं.

"आठवड्यातले चार दिवस तू वेलिंग्टनला," ती म्हणाली. "उरलेले तीन दिवस फोनवर, नाहीतर कुणाच्या तरी गटारीची तक्रार ऐकत. माझ्या वाट्याला येतात ते हे सहा आठवडे. मी गाडी चालवते, तू शेजारी बसून माझे चीज रोल खातोस आणि अखंड बडबडतोस. तीन वर्षांतून एकदा मला नवरा मिळतो, ब्रायस. तो तू आता चार वर्षांनी द्यायला निघालायस."

पाच निवडणुका आणि पाच वेळचं ते टेबल ब्रायसच्या डोळ्यांपुढून गेलं. आपल्याइतका गाढव माणूस आजवर कुणी निवडून दिला नसेल, असं त्याला मनापासून वाटलं. आणि पन्नाशीच्या त्या माणसाला एकदम इतकं हलकं वाटलं, की तो रंगाच्या डब्यावरच बसला आणि खो खो हसत सुटला. मग नायरीलाही आवरेना.

विधेयक उद्याच मागे घेतो, असं तो डोळे पुसत म्हणाला. तिने ते साफ नाकारलं. एवढी वर्षं वाट पाहिलीस तर मांड, छान भाषण कर, मी ऐकायला येणार, म्हणाली.

त्याने भाषण केलं आणि असं केलं, की संसदेत कित्येक वर्षांत झालं नव्हतं. या विषयावर पक्षांनी सदस्यांना मोकळं सोडलं होतं. विरोधातले दोघे त्याचं ऐकून फिरले. त्याच्या प्रतोदाने दोनदा मोजदाद केली आणि एका मताने पास, असं कुजबुजत त्याचा हात दाबला. मग मतदानाची घंटा झाली. बाजूने असणारे उजव्या दाराने निघाले, विरोधातले डाव्या. ब्रायस उठला, कोट नीट केला आणि शीळ घालत डाव्या दाराने बाहेर पडला.

साठ विरुद्ध एकसष्ट. विधेयक पडलं. सभागृहात हलकल्लोळ माजला, प्रतोद कपाळ धरून खाली बसला. बाहेर वार्ताहरांनी ब्रायसला घेरलं. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते स्वतःच्याच मताने का पाडलंत, असं सगळे एकदम विचारू लागले.

"मतदारसंघात विचारून आलो," तो म्हणाला. "लोकांना चार वर्षं थांबवत नाही."

"किती जणांना विचारलंत?"

ब्रायसने मान वळवली. प्रेक्षागॅलरीच्या जिन्यावरून नायरी खाली येत होती. बगलेत टॉवेलाची पुरचुंडी होती, नाकावर निळ्या रंगाचा ताजा ठिपका होता, आणि ती त्याच्याकडे बघत गाडीची किल्ली खुळखुळवत होती.