जाग सहाला

फ्रीगंजच्या दवाखान्यात ल्युपस या सांधे सुजवणाऱ्या आजारावरच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. चांदोरकर काकूंच्या डायरीत रोज एकच नोंद असायची: ‘जाग सहाला, बोटं दहा मिनिटांत मोकळी.’ अक्षर काकांचं, कारण काकूंना पेन धरवत नसे. पण सूज तर तेवढीच होती.

नोंदी तपासणाऱ्या अश्लेषाने काकांना बाहेर गाठलं. “काका, घरी दुसरा काही इलाज चालू आहे का?”

काका ओशाळले. “पाचला उठून चादरीखाली हळूहळू तिची बोटं चोळत बसतो. ती झोपेत असते, तिला पत्ताच नाही. गोळीनेच आराम पडला म्हणते बिचारी. तिला सांगू नको हं.”

अश्लेषा आत आली, तर काकूंनी तिला दार लोटायला सांगितलं.

“बेटा, डायरीत चूक आहे. मला जाग पाचलाच येते. बोटं मोकळी व्हायला चांगला तास लागतो.”

“मग सहा का सांगता, काकू?”

“लिहून घेणारे तेच ना गं! पाच सांगितलं, तर त्यांना कळेल की मी जागी असते.”