मागची सवारी

शेवटच्या चढाच्या पायथ्याशी झाडूगाडी त्या दोघांच्या सायकलीच्या डाव्या अंगाला आली आणि त्यांच्याच चालीने चालू लागली. आर्लन हुक्स्ट्राने डाव्या गुडघ्यावर बांधलेला रुमाल सारखा करून पाहिला. पण गुडघा आता रुमालापेक्षा मोठा झाला होता.

झाडूगाडी म्हणजे दमलेल्यांना आणि पडलेल्यांना सायकलीसकट उचलणारी गाडी. दरवर्षीच्या या सायकलयात्रेत रविवारी मिसूरी नदीत मागचं चाक बुडवून निघायचं, आठवडाभर मक्याच्या शेतांमधून अख्खं आयोवा राज्य आडवं कापायचं आणि शनिवारी मिसिसिपी नदीत पुढचं चाक बुडवायचं. मध्ये एकदा जरी झाडूगाडीत बसलात, तरी चाक बुडवायचं नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नाही. त्यामुळे तो कोणी मोडत नाही.

आज शनिवार होता. नदी तीन मैलांवर होती.

झाडूगाडी चालवणारा डेल्मार हा पेशाने डुकरांचा डॉक्टर. सुजलेला सांधा त्याला वीस फुटांवरून ओळखू येतो. उजव्या खिडकीकडे झुकून तो म्हणाला, "आर्लन, बस आता गाडीत. असा पाय घेऊन डुक्कर आलं असतं, तर मी त्याला एक पाऊल टाकू दिलं नसतं."

"डुकराचं लग्न वर्डाशी झालेलं नाही," आर्लन म्हणाला.

वर्डा मागे होती. दोघांची जोडसायकल होती. एकापाठी एक दोन सीटा, एकच साखळी. आर्लन चाळीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाला होता, तेव्हा पुढची सीट कोणाची हा प्रश्नच निघाला नव्हता. वर्डा त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात पन्नास पौंडांची पिठाची पोती उचलत असे. तिला मागची मिळाली.

जोडसायकल दिसली की शेजारून पुढे जाणाऱ्याने 'मागची सवारी पाय मारत नाहीये हो' असं ओरडायचं, अशी तिकडे रीत आहे. रविवारपासून शेकडो लोकांनी हा विनोद केला होता, आणि प्रत्येकाने तो त्याच क्षणी सुचल्यासारखा केला होता. त्यावर पुढच्याने 'लग्न झाल्यापासून असंच चाललंय' म्हणायचं आणि मागचीने हसायचं. आर्लन म्हणत आला होता. वर्डा हसत आली होती.

"डेल्मार, गाडी मागे घे," वर्डा म्हणाली. "चढाला आम्हाला अख्खा रस्ता लागणार आहे." मग पुढच्या पाठीकडे बघून ती आवाज खाली आणून म्हणाली, "गिअर हलका कर. आणि पाय पॅडलवर नुसते ठेव. गुरुवारपासून ठेवतोयस तसे."

आर्लनची मान मागून लाल झाली.

"तुला कळलं होतं?"

"मी मागेच बसते ना, आर्लन. इथून दुसरं काय कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"मजा येत होती," वर्डा म्हणाली, आणि सीटवरून उठून उभी राहिली.

आर्लनचं वजन चार पोती आणि वर दहा पौंड. ते घेऊन वर्डा चढाला लागली. आर्लन सायकल या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी नेत होता, कारण सरळ वर नेली असती तर ती जागीच थांबली असती. मागून डेल्मार झाडूगाडी अशी चालवत होता की थांबलीय की चाललीय हे सांगता आलं नसतं. मक्यात वारा नव्हता. वर्डाचा श्वास आर्लनच्या पाठीवर आपटत होता. एक पोतं, दोन पोती, असं ती मध्ये काहीतरी पुटपुटत होती.

निम्म्या चढावर डोक्यावर केळ्याच्या आकाराची टोपी घातलेला एक तरणाबांड गडी शेजारून गेला. "काका, मागची सवारी पाय मारत नाहीये हो."

आर्लनने तोंड उघडलं. मग मिटलं.

म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं असं वाटून त्या गड्याने तोच विनोद पुन्हा एकदा, जरा मोठ्याने केला. वर्डा इतकी हसली की सायकल गटाराच्या कडेपर्यंत जाऊन परत आली.

आणि मग चढ संपला. खाली, झाडांच्या पलीकडे, रुंद तपकिरी मिसिसिपी पडली होती. उतारावर कोणी कोणाला ओढत नाही. वर्डाने दोन्ही पाय पॅडलवरून उचलून हवेत पसरले, आणि शाळेच्या जेवणघरात ज्या ओरडण्याबद्दल ती चाळीस वर्षं पोरांना दटावत आली होती, तसं ती नदी येईपर्यंत ओरडत राहिली.

काठावर बँड वाजत होता, रांग लागली होती, लोक ओल्या चाकांसकट फोटो काढून घेत होते. डेल्मार रिकामी गाडी लावून बघायला आला. यांची पाळी आली. लंगडत लंगडत आर्लनने सायकल पाण्यापर्यंत नेली, तिथे थांबला, वर्डाला बाजूला व्हायला सांगितलं, आणि अख्खी सायकल फिरवून मागचं चाक मिसिसिपीत सोडलं.

"काका, चुकलं," केळ्याची टोपी रांगेतून म्हणाली. "इथे पुढचं बुडवायचं असतं."

"ठाऊक आहे," आर्लन म्हणाला. "पण आणलं मागच्याने."