डिकीतली जागा

निमिषचा फोन मध्येच तुटला आणि चारुता गॅरेजकडे धावली. तिने दिवा लावला. लाल बॅग फळीवरच होती, गेल्या शनिवारी तिने स्वतःच्या हाताने ठेवली होती तशी. 

दुलुथ शहरातल्या क्लायंटकडून घरी येताना निमिषची गाडी हायवेवरून घसरून बाजूच्या खड्ड्यात गेली होती. त्याला काही लागलं नव्हतं. पण गाडी ओढून काढणाऱ्या टोइंगवाल्यांनी तीन तास सांगितले होते, बाहेर उणे चोवीस होतं आणि दुपारीच अंधारून आलं होतं. "घाबरू नको," तो म्हणाला होता, "काकूंची बॅग आहे ना डिकीत. आता काढतो आणि..." तेवढ्यात आवाज गेला. आता कितीही वेळा लावला तरी फोन लागत नव्हता.

काकू म्हणजे शैलजाकाकू. तीस वर्षं इथे परदेशात, ईडन प्रेरी गावात राहिलेल्या, आता एकट्याच. दर नोव्हेंबरात मराठी मंडळात नवीन आलेल्या जोडप्यांना त्या गाठायच्या आणि पार्किंग लॉटमध्ये उभं करून शिकवायच्या. टायर बघून घ्या. काचेवर मारायचं पाणी न गोठणारं भरा. टाकी अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका. अडकलात तर गाडी सोडून चालायला लागू नका, पण सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साचला की तो काढत राहा, नाहीतर विषारी धूर आत येतो आणि माणसाला कळतही नाही. मग प्रत्येकाकडून डिकीत एक बॅग भरून घ्यायच्या. ब्लँकेट, फावडं, मेणबत्ती, काडेपेटी, चिक्की. नागपूरच्या हिवाळ्यात मफलर गुंडाळून मोठी झालेली ही पोरं मागे खिदळायची. "यार, काकू आपल्याला एव्हरेस्टवर धाडणार बहुतेक," असं निमिषच म्हणाला होता.

आणि चारुताने काय केलं, तर त्याच गाडीतून ती बॅग काढून ठेवली. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण यंदा तिच्याकडे होतं. सत्तर स्टीलच्या वाट्या, तिळगुळाचे डबे, वर मसालेभाताचं पातेलं. डिकीत तसूभर जागा उरली नव्हती.

हॉलवर सामान उतरवायला काकूच आल्या होत्या. डिकी उघडली आणि त्या थबकल्या.

"बॅग कुठे गं?"

"घरी आहे काकू. एवढं सामान, जागाच नव्हती."

"गेल्या गेल्या परत ठेव."

"हो, ठेवते," चारुता म्हणाली आणि साडीच्या निऱ्या सावरत आत गेली. मग आठवडाभर तिला बॅगेची आठवणसुद्धा झाली नाही.

त्या दिवशी काकू हॉलच्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. शेवटी चारुता त्यांच्यासाठी वाटी घेऊन आत गेली. "आता कोण पाळतं हे सगळं काकू, घ्या ना." काकूंनी हात मागे घेतला. "मला वाण नको गं," म्हणाल्या, आणि तिच्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली. उरलेल्या वाट्या गाडीत ठेवून येते म्हणाल्या. चारुताला वाईट वाटलं. जुन्या वळणाची बाई, तिला वाटलं. त्यांचे यजमान उल्हासकाका फार वर्षांपूर्वी एका जानेवारीत गेले, एवढंच तिला माहीत होतं. अधिक कुणी विचारायचं नाही.

आता गॅरेजच्या थंडगार फरशीवर उभं राहून तिने काकूंना फोन लावला. बोलताना तिला रडू आवरेना.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "रडू नको. त्याला मेसेज पाठव. फोन लागत नसला तरी मेसेज कधीकधी जातो. म्हणावं, ड्रायव्हरच्या सीटखाली बघ."

"तिथे काय आहे?"

"आधी पाठव."

 चारुताने कसाबसा मेसेज पाठवला. मग दोघींनी फोन कानाला धरून ठेवला. दहा मिनिटं गेली. काकूंचा श्वास तेवढा ऐकू येत होता; चारुतापेक्षा त्यांनाच जास्त धाप लागली होती. मग उत्तर आलं. फावडं मिळालं. ब्लँकेट पण. सायलेन्सर मोकळा केला. मी ठीक आहे.

चारुता तिथेच पायरीवर बसली. तिने उत्तर वाचून दाखवलं. 

"काकू, तुम्ही ठेवलंत? त्या दिवशी, वाट्या ठेवायला गेलात तेव्हा?"

"माझ्या गाडीतलं होतं. घडीचं फावडं आहे, मावलं सीटखाली."

"पण मी तर ठेवते म्हणाले होते. तुमचा माझ्यावर विश्वासच नव्हता?"

"तुझा राग नाही गं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "ह्यांना शोधून काढलं तेव्हा गाडी सुरूच होती. मागे हातांनी बर्फ उपसल्याच्या खुणा होत्या. फावडं आमच्या गॅरेजात. त्या वर्षी वाण माझ्याकडे होतं, चारुता. बॅग परत ठेव म्हणून हे दोनदा बजावून गेले होते. आणि मीही म्हणाले होते, हो, ठेवते."