फक्त हात

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: पेडगावच्या राजेश्रीला डिजिटल पत्रकारितेच्या प्रशिक्षणासाठी निवडलं आहे, शिकतानाच मानधनही मिळतं. सकाळीच तिची पहिली बातमी मोबाइलवर झळकली, आता ती कौतुकाने भाचीला दाखवते आहे. ओढ्यात रसायनांचे टँकर कोण रिकामे करतं, हे समोरच्या घरातल्या धुरपताबाई त्यात सांगतात. "माझं तोंड दाखवू नको, माय. लय वाईट माणसं हायेत ती," त्यांनी बजावलं होतं, म्हणून राजेश्रीने फक्त त्यांचे हात दाखवले. दहा वर्षांची मधुवंती स्क्रीनवर वाकली. "मावशी, हातावर नाव गोंदलंय की. धुरपता." राजेश्रीने बातमी हटवायला घेतली, तेवढ्यात अंगणापुढे जीप थांबली. अनोळखी माणसाने काच खाली केली. "बाळा, धुरपताबाईचं घर कोणतं?" समोर धुरपताबाई दारातच शेंगा सोलत होत्या. मधुवंती जीपमध्ये चढली आणि म्हणाली, "लय लांब हाय. चला, दाखवते."