नमुना मजकूर

“हे छप्पर कधी झालं?” नगराध्यक्षांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

डिझाइनरने दचकून पडद्याकडे पाहिलं. पालिकेच्या नव्या वेबसाइटसाठी तिने तीन डिझाइनं आणली होती. एक निळं, एक हिरवं, एक पांढरं. रंगांवर कुणी काही विचारलं तर सगळी उत्तरं पाठ होती. पण पानावरचा मजकूर कुणी वाचेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो नुसता जागा भरायला असतो. आजवर एकाही गिऱ्हाइकाने तो वाचला नव्हता.

काल संध्याकाळी पहिल्या पानावर एक बातमी हवी होती. नेमकी तेव्हाच आई दवाखान्यातून भिजून चिंब घरी आली. गुडघे दुखतात म्हणून दर आठवड्याला जायचं आणि तासभर उघड्यावर बसची वाट बघायची. छपरासाठी तिने चार वर्षांत अकरा अर्ज केले होते. लेकीने रागारागाने टाइप केलं, ‘दवाखान्यासमोरच्या बसथांब्याला छप्पर. काम पूर्ण.’ वर थांब्याच्या फोटोत छप्पर जोडून तोही लावून दिला.

“साहेब, तो नुसता नमुना...”

“माझ्या पाठपुराव्याने झालं ते,” टकलू सदस्य मध्येच म्हणाले.

“तुमच्या? तो बसथांबा माझ्या प्रभागात येतो!” दाढीवाले सदस्य उठून उभे राहिले. “फीत मी कापली.”

मग काय, जुंपली दोघांची. चहा गार झाला. दाढीवाल्यांना कात्री बोथट होती हेसुद्धा आठवलं. टकलूंनी तर आपण केलेल्या भाषणातली चार वाक्यं जागच्या जागी म्हणून दाखवली. तिसऱ्या एकाने टाळ्या वाजवल्या. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, ते असं.

कोपऱ्यातले अभियंते बराच वेळ चुळबुळत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“पण साहेब, तिथे छप्पर नाहीये. मी रोज तिथूनच येतो.”

डिझाइनरने लॅपटॉप मिटायला घेतला. आपलं काम गेलं, वर लबाडीचा ठपका आला, हे तिने ओळखलं. नगराध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला. ते तिच्याकडे वळले आणि तसेच पुढे अभियंत्यांकडे वळले.

“उद्घाटन झालं, भाषणं झाली, बातमी लागली, आणि छप्पर नाही? झोपा काढता काय? आठ दिवसांत उभं राहिलं पाहिजे!”

नवव्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मागे धो धो पाऊस ऐकू येत होता.

“अगं, मी कोरडी आहे!” आई ओरडत होती. “कोरडी ठणठणीत!”

डिझाइनरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात तिच्या कंपनीतल्या साहेबांनी पालिकेचं पत्र तिच्या टेबलावर आपटलं आणि कपाळाला हात लावला. तिन्ही डिझाइनं नापसंत होती. पुढच्या महिन्यात नवी तीन आणावीत, असा हुकूम होता.

तिने पत्र दोनदा वाचलं. मग डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि कोरा कागद घेतला.

“आई, फोन ठेवू नकोस. पटापट सांग, गावात आणखी काय काय झालंय?”