अंमळ मोठी गुराब

“तोफा कधी बसवणार, काका?” प्रदर्शनवाल्या ज्ञानेशने विचारलं.

“बसवू की,” भीमराज म्हणाला. हातातला पॉलिश पेपर काही थांबला नाही.

कस्तुराने कपाळाला हात लावला. तीन वर्षं नवरा ही गुराब घडवत होता. शिवकाळातल्या लढाऊ जहाजाची प्रतिकृती, सागवानी, देखणी. आणि रविवारी चिंचवडला प्रदर्शन असताना तिला ना डेक, ना तोफा. डोलकाठ्याही दोन टोकांना, मधे सगळी पोकळ. घासूनपुसून गुळगुळीत केली तीही आतूनच जास्त. आत कोण बघायला येणार होतं?

ज्ञानेशने टेप लावला. “नकाशात तेहतीस इंच आहे. ही छत्तीस भरतेय.”

“सवय त्यांची,” कस्तुराच म्हणाली. भोसरीच्या फाउंड्रीत भीमराजने जन्मभर ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न केले होते. ओतलेलं लोखंड थंड झालं की आक्रसतं, म्हणून पॅटर्न अंमळ मोठाच करायचा. “हात ऐकत नाही आता.”

भीमराज गालातल्या गालात हसला.

तिचा मात्र जीव टांगणीला लागला होता. तोंडात तीळ भिजेल तर ती कस्तुरा कसली! पहिला नंबर आपलाच, असं अख्ख्या बिल्डिंगला सांगून तिने पेढेही वाटले होते.

शनिवारी दुपारी लेकीचा, मिनलचा, फोन आला. भीमराज गॅलरीत जाऊन बोलला. परत आला तेव्हा डोळे लाल.

“डोळ्यात भुसा गेला,” म्हणाला, आणि जहाजाच्या काठाला चार पितळी कड्या बसवू लागला.

“तोफा सोडून कड्या?”

“ही कुठं जायची न्हाई उद्या, कस्तुरा.”

ती तणतणत स्वयंपाकघरात गेली.

रविवारी सकाळी ज्ञानेशचा टेम्पो दारात आला, शेजारणी जिन्यात जमल्या. भीमराजने गुराब उचलली आणि चार दोऱ्यांनी हॉलच्या छतातल्या हुकाला टांगली. कस्तुराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात मिनल आणि जावई शेजारणींमधून वाट काढत आत आले.

“दत्तकाच्या यादीत तीन वर्षं होतो, आई,” मिनल म्हणाली. “तुला सांगितलं असतं तर तेव्हाच पेढे वाटले असतेस.”

तिच्या कुशीतली पाच महिन्यांची पोर भीमराजने अलगद गुराबेत निजवली. “हे आक्रसणारं न्हाई, वाढणारं हाय,” म्हणत त्याने दोरी कस्तुराच्या हातात दिली.