ताशी ब्याऐंशी

"ब्याऐंशी?" न्यायाधीशबाईंनी चलान पुन्हा वाचलं. "बाबा, या वयात?"

रंगरावतात्यांची छाती फुगली. ते पोस्टमन असताना सारं गाव म्हणायचं, तात्याच्या मोपेडवरून मयताचं पत्र निघालं की तेराव्यालाच पोचतं. आता हायवेवरच्या कॅमेऱ्याने जोरात गाडी चालवल्याचं चलान धाडलं आणि तेच लोक त्यांना पारावर बसवून चहा पाजू लागले. कोर्टात यायची तात्यांची मुळीच इच्छा नव्हती. "दोन हजार काय झाडाला लागलेत?" म्हणत बायकोनेच पिटाळलं होतं.

"मॅडम, गाडी जुनी आहे," ते नाइलाजाने म्हणाले. "चाळिसाच्या वर गेली की हँडल थरथरतं."

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि त्यांना हसू आवरेना. मोपेड टेम्पोत दोरीने बांधलेली होती. मागचा फाळका खाली लोंबत असल्याने टेम्पोचा नंबर झाकला गेला होता आणि कॅमेऱ्याने मोपेडचाच वाचला होता. गाडी दुरुस्तीला नेली तो दिवस तात्यांना आठवला.

"चलान रद्द. सुटलात, बाबा."

तात्यांचं तोंड एवढंसं झालं.

संध्याकाळी एसटी गावात थांबली, तर अख्खा पार उठून उभा. "काय झालं तात्या? सुटला का?"

सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर खिळले होते. तात्यांनी कोर्टाचा कागद खिशात आणखी खोल ढकलला.

"कसला सुटतोय," ते म्हणाले. "बाई म्हणाल्या, पुन्हा एवढ्या जोरात दिसलात तर लायसन जप्त."